पुसलेली भिंत

७ सप्टेंबर

प्रिय ताई,

रविवारी फोनवर आपण दोघी एकदम बोलत होतो आणि ऐकत कुणीच नव्हतं. शेवटी तू "दार वाजतंय" म्हणून फोन ठेवलास आणि मी "दूध उतू जातंय" म्हणून. माझ्या घरात तेव्हा दूध नव्हतंच. तुझ्या दाराचं तुला ठाऊक. म्हणून हे पत्र. पत्रात निदान वाक्य पुरं करता येतं.

विषय मागच्या खोलीच्या भिंतीचा आहे. बाथरूमला लागून असलेल्या. आत्याच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, या घरात आम्ही तुझे भाडेकरू म्हणून आलो तेव्हा ती कोरडी होती, हे मी आधीच कबूल करते. मग पलंगाच्या उशाशी एक पिवळट डाग आला. तो पसरला. आता त्यावर काळे ठिपके आहेत, कुणी शाईचं पेन झटकावं तसे. काल कपाट पुढे ओढलं तर मागे करडी लव उगवलेली, आणि आतल्या लोकरीच्या शालीलाही तीच. खोलीला ओल्या मोज्यांचा वास येतो.

मी आधी स्वतःची झडती घेतली. ओले कपडे आत वाळत घालते का? कधीतरी घातलेत. खिडकी उघडी असते का? असते. पातेल्यावर झाकण ठेवते का? बहुतेक ठेवते. पाठ्यपुस्तकांच्या कचेरीत दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेणारी बाई मी, आपल्या चुका सोडून कशा देईन? पण समोरच्या भिंतीलाही हीच हवा आणि हेच कपडे, आणि ती ठणठणीत आहे. पाणी हवेतून येत नसावं, भिंतीच्या पोटातून येत असावं. एकदा फोडून आतला पाईप बघायची परवानगी दे.

घाई एवढ्यासाठी की त्या खोलीत माझ्या सासूबाई झोपतात, आणि त्या खोकतायत. त्यांना विचारलं तर म्हणतात, "खोकला माझा आहे, भिंतीचा नाही. लोकांच्या घराला नावं ठेवू नयेत." तुला "लोक" म्हटल्याबद्दल त्यांच्या वतीने माफी.

तुझी
शंकासूर

·

११ सप्टेंबर

प्रिय शंकासूर,

हे नाव तुला मी लहानपणी उगाच नाही ठेवलं. आईने त्या खोलीत उभी हयात काढली. बुरशी हा शब्द त्या घरात कुणी उच्चारला नाही. आणि तुम्ही येऊन जेमतेम दुसरं वर्ष, तर कपाटामागे लव, शालीला लव! भिंत तीच आहे बाई. बदललीत ती माणसं.

पत्रासोबतचा फोटो पाहिला. मला ती पडद्याची सावली वाटते. सुनेला दाखवला, तर ती म्हणाली, "हा कुठला नकाशा?" बघ.

खिडकी उघडी असते म्हणतेस, पण किती? फटीएवढी उघडून "उघडली" म्हणणाऱ्या बायका मी शाळेच्या नोकरीत आयुष्यभर पाहिल्यात. कपाट भिंतीपासून लांब ठेव. अंघोळ झाली की बाथरूम फडक्याने कोरडं कर. ओले कपडे आत अजिबात नकोत, कधीतरीसुद्धा नकोत. मग बघू.

भिंत फोडायचं नाव काढू नकोस. एकदा फोडाफोडी सुरू झाली की कुठे थांबेल सांगता येत नाही. हे पुढच्या आठवड्यात जुन्या खात्याच्या कामासाठी तिकडे येतायत. पाणीपुरवठ्यात जन्म गेला त्यांचा. भिंतीला नुसता तळवा लावतील आणि सांगतील. ते म्हणतील ती पूर्व दिशा.

तुझी
ताई

·

२४ सप्टेंबर

शंकासूर,

हे काल परत आले. पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाले, "कसली बुरशी? भिंत आरशासारखी आहे."

तळवा लावला, कोरडी ठणठणीत. वास घेतला, तर फुलांचा. जेवण उत्तम झालं म्हणे, सासूबाईंनी आग्रह करकरून वाढलं. आणि तू? भिंत दाखवताना तू तोंडातून चकार शब्द काढला नाहीस. "ही बघा, अशी आहे खोली," एवढंच म्हणून उभी राहिलीस.

मी इथे रोज ह्यांच्या कानीकपाळी ओरडत होते की पोरगी खोटं बोलणार नाही, जाऊन बघा. आता ते माझ्याकडे ज्या नजरेने बघतायत ती तू पाहायला हवी होतीस. आम्हाला तोंडघशी पाडून तुला काय मिळालं, तेवढं कळव.

ताई

·

२७ सप्टेंबर

प्रिय ताई,

काय मिळालं ते लिहिते. वाचून तू चिडशील, पण माझ्याइतकी नाही चिडणार.

दाजी यायच्या दिवशी मी उठले तर मागच्या खोलीतून खसाखसा आवाज. सासूबाई पदर खोचून, बादली आणि ब्रश घेऊन भिंतीला भिडल्या होत्या.

"अहो आई, भिंत पुसू नका! ती बघायलाच येतायत दाजी."

"म्हणजे येणाऱ्या माणसाला घाण दाखवायची? तुझ्या माहेरचा माणूस ना तो?"

"घाण त्यांच्याच भिंतीची आहे."

"भिंत त्यांची असेल. खोली माझी आहे. ते बाहेर जाऊन भिंतीला नावं नाही ठेवायचे, म्हणतील बायका गलिच्छ आहेत."

"मग त्यांनी बघायचं तरी काय?"

"घर बघायचं. जेवायचं. आणि तू सांग की तोंडाने, की इथे काळं होतं. तोंड आहे ना तुला?"

आणि आता लिहायला लाज वाटते ते. मी ब्रश त्यांच्या हातातून काढून घेतला. पुसणं थांबवायला नाही. त्यांना धाप लागली होती, आणि अर्धी पुसलेली भिंत पूर्ण काळ्या भिंतीपेक्षा वाईट दिसत होती. म्हणून उरलेली मी पुसली. नवऱ्याने पंखा आणून भिंतीकडे तोंड करून लावला. फुलांच्या वासाचा फवारा कुणी मारला ते आम्ही तिघंही एकमेकांवर ढकलतो आहोत.

दाजी आले. तळवा लावला. म्हणाले, "वा! काय ठेवलंय घर! आमच्या घरात नाही अशी टापटीप." मी तोंड उघडणार होते, खरंच. पण ते एवढं म्हणाले आणि मला क्षणभर बरं वाटलं, ताई. इतकं बरं वाटलं की पुढचं वाक्य सुचेना. मग सासूबाई म्हणाल्या, "पानं वाढू का?" आणि संपलं.

दाजी तुमच्या घरी पोहोचले असतील नसतील, तोवर भिंतीवर ठिपके परत आले होते. सोबत फोटो आहे. ही पडद्याची सावली नाही. त्या खोलीचा पडदा मी काढून टाकलाय.

तुझी
मूर्ख शंकासूर

·

३ ऑक्टोबर

प्रिय शंकासूर,

वाचून आधी हसले. मग राग आला. मग पुन्हा हसले, तेव्हा सून स्वयंपाकघरातून बघायला आली की आईंना झालं काय.

ठीक आहे. ओल आहे, मानलं. तिथला आमच्या ओळखीचा रंगारी पाठवते. बुरशी न धरणारा रंग मिळतो हल्ली, तो लावेल. तू काही करायचं नाहीस. भिंत पुसायची नाही, रंगाऱ्याला चहा देऊन त्याच्या कामाचं कौतुक करायचं नाही.

आणि पाईपाचं खूळ डोक्यातून काढ. ह्यांना तर त्याबद्दल अवाक्षर लिहू नकोस. माझ्याशी काय ते बोल.

तुझी
ताई

·

१५ नोव्हेंबर

प्रिय ताई,

दीड महिना लिहिलं नाही, कारण तक्रार नव्हती. रंगारी आला, वरवर खरवडलं, हात मारले आणि गेला. चहा दिला, कौतुक केलं नाही. भिंत इतकी सुंदर दिसायला लागली की मलाच वाटलं, आपण उगाच आकाशपाताळ एक केलं. तुला माफीचं पत्रही लिहायला घेतलं होतं. बरं झालं पाठवलं नाही.

गेल्या आठवड्यात रंगाला फोड आले. बोटाने एक दाबला तर आतून पाणी आलं. पाणी, ताई. दमट हवा नाही, वाफ नाही, ओले कपडे नाहीत. बोटावरून मनगटापर्यंत ओघळलेलं पाणी. म्हणजे तू पाठवलेला रंग चांगला आहे. बुरशी आता त्याच्या आतल्या बाजूने वाढते आहे, निवांत.

सासूबाईंना दाखवायला नेलं, तर डॉक्टर स्पष्ट बोलले. "खोली बदला, नाहीतर घर बदला. औषध मी देईन, पण त्या रात्रभर तीच हवा घेणार असतील तर औषध देऊन मी फक्त फी घेतोय."

खोली बदलायचं मी सुचवून पाहिलं. आमची खोली देऊ केली. "नवरा-बायकोच्या खोलीत मी झोपू? लोक काय म्हणतील?" मी विचारलं, "कोण लोक?" म्हणाल्या, "मी." हॉल म्हटलं, तर तिथे नवऱ्याचं काम मांडलेलं असतं. तो दातांच्या कवळ्या बनवतो हे तुला माहीत आहेच. "त्या बिनधन्याच्या बत्तिशा माझ्याकडे बघून हसत असतात. मी नाही झोपायची तिथे." त्यांच्या स्वतःच्या तोंडातली कवळी त्याच बत्तिशांच्या शेजारी तयार झाली, हे त्यांना सांगून उपयोग नाही.

आता माझे धाकटे दीर रोज फोन करतायत, आईला इकडे पाठवा म्हणून. तुझ्याच शहरात असतात ते. मुलगा चांगला, जाऊ तर साखर. पण सासूबाईंना जायचं नाही. "तिकडे मला देव्हाऱ्यात बसवून ठेवतात. देवाला तरी घंटा वाजवून उठवतात, मला तेही नाही." आणि मलाही त्यांना पाठवायचं नाही. अठरा वर्षं आम्ही एका घरात भांडतो आहोत. मी ऑफिसातून आले की त्या विचारतात, "आज कुणाच्या चुका काढल्यास?" आणि मग माझ्या काढतात. त्या गेल्या तर या घरात राहील काय? दोन मितभाषी माणसं आणि कवळ्या.

महिनाअखेर भिंत उघडली नाही तर त्यांना पाठवावं लागेल. तू "नाही" म्हणतेस ते का म्हणतेस, ते तरी सांग. आम्हाला घराबाहेर काढायचं असेल तर सरळ म्हण. ही बुरशीची वाट कशाला?

तुझी
भाडेकरू

·

१९ नोव्हेंबर

तुझं पत्र मिळालं.

तुला घराबाहेर काढायला मी बुरशी पोसते आहे, असं तुला वाटलं. वाटू दे. आईच्या घरात परकं माणूस नको म्हणून दलाल बाजूला ठेवून तुला बोलावलं, त्याचं हे फळ.

भिंत फोडणार नाही. कारण सांगायला मी बांधील नाही. तुम्हाला जमत नसेल तर दुसरं घर बघा. मी अडवणार नाही.

ताई

·

२ डिसेंबर

ताई,

सासूबाई काल दिरांकडे गेल्या. नवरा सोडायला गेला होता. जाताना त्यांनी खोलीच्या दारात उभं राहून सगळीकडे नजर फिरवली आणि मला म्हणाल्या, "पलंगाखालची धूळ काढून घे. कुणी बघेल."

आम्ही घर बघतो आहोत. तुझ्या म्हणण्याप्रमाणे. किल्ली कुणाकडे द्यायची तेवढं कळव.

·

२० डिसेंबर

प्रिय शंकासूर,

किल्ली राहू दे. आधी पूर्ण वाच.

तुझ्या सासूबाई इकडे आल्या तेव्हा त्याच आठवड्यात मी त्यांना भेटायला गेले. खरं कारण सांगते: त्यांच्या तोंडून वदवून घ्यायला गेले होते की घरात काही बिघाड नाही. आणि त्यांनी ते म्हटलंही. सोफ्यावर ताठ बसून म्हणाल्या, "घर छान आहे हो तुमचं. भिंती तर... किती... स्वच्छ..." दर शब्दागणिक खोकत होत्या. तुझी जाऊ पाण्याचा पेला घेऊन उभी. खोकून डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसलं आणि पुढे म्हणाल्या, "उजेडही भरपूर." माझ्या घराची अब्रू राखायला ती बाई जीव पणाला लावत होती आणि मी समोर बसून फरसाण खात होते. बशी खाली ठेवली.

तरी मनात म्हटलं, वय झालंय, म्हातारपणी खोकला असतोच. काल परत गेले. त्यांनी स्वतः दार उघडलं. दारातच सुरू झाल्या. शेजारीण कशी, दूधवाला कसा, सून त्यांना भाजीसुद्धा निवडू देत नाही ते कसं. मी वाट बघत बसले होते, माझंच खरं ठरावं म्हणून, खोकला येईल याची. आला नाही. औषध तेच आहे, मी बाटली बघितली. वय पण तेच आहे. फक्त माझी भिंत नाही.

तू भिंत पुसलीस तेव्हा ती साफ दिसली. छाती पुसून दाखवता येत नाही.

आता कारण. त्या भिंतीत ह्यांचा पाईप आहे.

आईचं बाथरूम नवं केलं तेव्हा प्लंबर ह्यांना पसंत पडेना. "मी शहराला पाणी पाजतो, मला हा शिकवणार?" म्हणून सगळी जोडणी ह्यांनी स्वतः केली. रजा काढून. गुडघे टेकून. आईने सगळ्या नातेवाइकांना बोलावून तो नळ सोडून दाखवला होता. आजही जेवताना कधी विषय निघाला की हे म्हणतात, "तो सांधा शंभर वर्षं हलणार नाही." निवृत्तीनंतर ह्यांना दुसरं बोलायला आहे काय? इथे मुलाच्या घरात नळ गळला तर मुलगा फोन करून माणूस बोलावतो, ह्यांना विचारतसुद्धा नाही. मग मी कुठल्या तोंडाने सांगू की तुमचा सांधा गळतोय? त्यापेक्षा तुला दोष देणं सोपं होतं. तू लांब होतीस. आणि तू स्वतःला दोष द्यायला तयारच असतेस. त्याचा मी फायदा घेतला.

भिंत फोड. प्लंबर तू बोलाव. ह्यांना सध्या काही सांगू नकोस, मी बघते.

तुझी
ताई

·

८ जानेवारी

प्रिय ताई,

तुझ्या पत्रावर मला काय वाटलं ते ठरवायला एवढे दिवस लागले. अजून नीट ठरलेलं नाही. राग आहे. एका सांध्याच्या मानापायी माझी सासू परगावी गेली आणि मी चार महिने खिडक्या मोजत बसले. पण मग आठवलं की दाजींनी "काय ठेवलंय घर" म्हटल्यावर मीही गप्प बसले होते. एका शाबासकीपायी. आपण दोघींनी एकाच माणसाला जपलं, तू जाणून, मी नकळत. तेव्हा तुझ्यावर किती चिडायचं याचा हिशेब जमत नाही. थोडी चिडले आहे असं समज.

भिंत उघडली. प्लंबरने हातोडा घातला तर विटा ओल्या बिस्किटासारख्या निघाल्या. सांधा गळत होता. धार नाही, झिरपत होता, डोळ्यातून पाणी यावं तसा. प्लंबर विचारत होता, "हे कुणी केलंय?" मी म्हटलं, "घरातल्या माणसाने." तो म्हणाला, "बरीच वर्षं टिकलं की मग." हे दाजींना सांगायचं झालं तर असंच सांग.

ओला गिलावा सगळा काढला, नवा पाईप घातला. विटा मोकळ्या ठेवून सुकवल्या, आता नवा गिलावा केलाय. घरभर धूळ आहे, नवऱ्याच्या कवळ्यांच्या दातांतसुद्धा. रंग लगेच द्यायचा नाही म्हणतात, भिंत आतून सुकली पाहिजे. किती दिवस लागतील ते कुणी सांगत नाही. हात लावून बघायचं, एवढंच.

घर शोधणं थांबवलंय. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "फोडलीत? दुसऱ्याचं घर फोडलंत?" मग म्हणाल्या, "धूळ कोण काढतंय?"

तुझी
शंकासूर

·

३० जानेवारी

प्रिय शंकासूर,

ह्यांना सांगितलं. तू लिहिलंस तसंच सांगितलं, टिकलं त्याचं आधी, गळलं त्याचं नंतर.  जेवले, हात धुतले, आणि नळ बंद करून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वायसर त्या काळी बरे मिळत नव्हते." आणि झोपायला गेले. मी इतके महिने ज्याला भ्याले ते एवढंच होतं. आता मीच माझ्यावर चिडले आहे, तू त्यात भर घालू नकोस.

आता तुझ्या सासूबाई. खोकला पूर्ण गेलाय, चेहऱ्यावर तुकतुकी आली आहे, आणि त्या सगळ्यांना सळो की पळो करून सोडतायत. तुझ्या जावेने काल भाजी निवडायला दिली तर म्हणाल्या, "दया म्हणून देऊ नकोस." पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. मी गेले की मला विचारतात, "भिंत तुमची आहे ना? मग तुम्ही सांगा, सुकली की नाही?" मी काय सांगू इथून?

तुझे दीर म्हणतात, वहिनी म्हणतील तसं. म्हणजे सगळं तुझ्यावर आलं. तू हो म्हणालीस तर शनिवारी मी स्वतः त्यांना गाडीत बसवून देते. फक्त खरं सांग. माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी नाही, आणि तुझ्या मनासाठी तर मुळीच नाही.

तुझी
ताई

·

२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र सकाळी वाचलं आणि लगेच उत्तर लिहिलं: "हो, बसवून दे." तेवढं लिहिलं आणि उठून मागच्या खोलीत गेले.

वरून भिंत पांढरी पडली आहे. पण खाली, जमिनीपासून गुडघ्याच्या उंचीपर्यंत, गिलावा अजून गडद आहे. हात लावला. गार. म्हटलं, थंडीचे दिवस आहेत, गार लागणारच. समोरच्या भिंतीला हात लावला. ती इतकी गार नव्हती. पुन्हा इकडे लावला. मग हाताचीच शंका आली, म्हणून गाल लावून बघितला. ऑफिसला उशीर होत होता आणि मी जमिनीवर बसून भिंतीला गाल लावत होते.

नवऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, "सुकलीच आहे की जवळजवळ. ये म्हण आईला."

"जवळजवळ?"

"अगं, उरलेली सुकेल आई आल्यावर."

"कवळीत चालतं तुला जवळजवळ?"

तो भिंतीला हात लावून उभा राहिला, मग तोच हात पँटला पुसून बाहेर गेला. त्यालाही त्या हव्या आहेत. तो बोलून दाखवत नाही इतकंच.

मला हो म्हणायचं आहे, ताई. ऑफिसातून येऊन कुलूप उघडते तर घर खायला उठतं. काल मी स्वतःशीच मोठ्याने म्हटलं, "आज कुणाच्याच चुका काढल्या नाहीत," आणि आतून उत्तर नाही. मनाशी पन्नास वेळा हिशेब केला: खिडकी उघडी ठेवू, पंखा लावू, पलंग दुसऱ्या भिंतीला सरकवू. प्रत्येक वेळी हिशेब बरोबर येतो, आणि प्रत्येक वेळी तो मला हवा आहे म्हणून येतो. त्या आल्या तर पहिल्या दिवशी म्हणतील, छान सुकली हो. आणि आठवडाभराने पदर तोंडाशी धरून स्वयंपाकघरात जाऊन खोकतील, मला ऐकू जाऊ नये म्हणून. मी विचारलं तर म्हणतील, ठसका लागला.

म्हणून वरचं वाक्य खोडलं. नाही. अजून नाही. पाठवू नकोस.

पिशवी रिकामी करायला लाव. त्या चिडतील. म्हणतील, "सुनेने नको म्हटलं ना? कळलं." भिंतीचं कारण देऊन बघू नकोस, त्यांना ते पटायचं नाही, आणि तू त्यांच्या डोळ्यांपुढे टिकणारही नाहीस. त्यांना फक्त एवढंच सांग की रविवारी सकाळच्या गाडीने मी येते आहे. नाही म्हणायचंय ते समोर बसून म्हणेन, आणि बोलणी खायची आहेत ती समोर बसून खाईन.

तुझी
शंकासूर